पेवातली हवा

मी शाळेतून घरी आले तेव्हा पेवाच्या तोंडाशी माझ्या धाकट्या दिराच्या, मल्लिनाथच्या चपला होत्या आणि मल्लिनाथ नव्हता. सासूबाई दोराचं टोक हातात धरून कडेला बसल्या होत्या. त्यांना घरात सगळे अव्वा म्हणत, मीही म्हणायची. शनिवार होता, सकाळची शाळा. साडेअकराचा सुमार असेल.

"पेव फोडलं?" मी खांद्यावरची पिशवी न उतरवताच विचारलं. "सोमवारी ठरलं होतं ना?"

"ऐकतोय व्हय कुणाचं? परवाच्या पावसाचं पाणी आत मुरलंय म्हणला. सोमवारपतोर निम्मी जवारी कुजंल म्हणला." अव्वांनी दोर हलवला. "एक पाटी वर दिली. दुसरी भरायला वाकलाय, आन् आता बोलंना झालाय."

"कधीपासून?"

"आत्ता गं. तू फाटकातून येस्तोवर बोलत होता की. मल्लू, ए मल्लू, भरली का रं पाटी?"

त्यांनी दोराला पुन्हा हिसका दिला.

पेव पाहिलेली माणसं आता कमी राहिली, म्हणून सांगते. आमच्या मंगळवेढ्याच्या भागात ज्वारी जमिनीत ठेवायची पद्धत होती. पेवाचं तोंड दोन हात रुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. खाली मात्र रांजणासारखं पोट सुटलेलं, दीड-दोन पुरुष खोल. उन्हाळ्यात ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, वर मातीचा ढीग करून लिंपून टाकायचं, की वर्षभर बघायला नको. त्या साली पीक कमी आलं होतं, त्यामुळे आमचं पेव निम्मंच भरलं होतं आणि वरची निम्मी जागा मोकळी होती.

"दिवा सोडला होता का?" मी विचारलं.

"मी म्हणलं, आणते कंदील. नगो म्हणला. अर्धा तास उघडं ठिवलंय, हवा बदलली म्हणला."

अर्धा तास हे शब्द माझ्या ओळखीचे होते. कसे ते पुढं सांगते. तेव्हा ते मनात घोळवायलासुद्धा वेळ नव्हता.

मी तोंडाशी ओणवी झाले. आतून गरम, आंबट भपकारा आला, शिंदीच्या दुकानावरून जाताना येतो तसा. ऊन डोक्यावर आलेलं असल्यामुळे खालचं दिसत होतं. मल्लिनाथ ज्वारीवर पालथा पडला होता. पांढरा बनियन, एक हात पाटीत, तोंड दाण्यांत.

"भाऊजी," मी हाक मारली. मग जोरात मारली. तो हलला नाही.

अव्वांना काय समजायचं ते समजलं. त्यांनी दोर टाकला आणि गोठ्याकडं तोंड करून अशी किंकाळी फोडली की बैल दाव्याला हिसके द्यायला लागले. माझे यजमान काशिनाथ गोठ्यातून पळत आले. (लिहिताना नाव लिहिते. तोंडानं आजवर घेतलेलं नाही.) त्यांनी एकदा आत बघितलं, अंगातला सदरा ओढून फेकला आणि काठावर बसून पाय आत सोडले.

मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"सोड, महानंदा."

"आत हवा नाही. तुम्ही पण पडाल."

"भाऊ हाय माझा."

"खाली पाय टेकायच्या आत त्यांच्या अंगावर पडाल. मग तुम्हाला काढायला कोण उतरेल? अव्वा?"

"सोड म्हणतो ना." त्यांनी कोपर मागं मारलं. ते माझ्या ओठावर बसलं आणि तोंडात रक्ताची चव आली. मी सोडलं नाही. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, नवऱ्याच्या अंगाला दिवसाढवळ्या सासूसमोर हात लावायची पद्धत आमच्याकडं नव्हती, आणि मी त्यांना अंगणात आडवं पाडून ओढत होते.

"एक बघा," मी म्हणाले. "एवढं एक बघा आणि मग जा."

पिशवीतून मुलांची वही काढली, पानं फाडली, त्यांच्याच सदऱ्यातली काड्याची पेटी घेतली. पेटता बोळा पेवात सोडला. तोंडातून जाताना तो चांगला धडधडत होता. हातभर खाली गेला आणि विझला. ज्योत लहान होणं नाही, धुमसणं नाही. एकदम काळा पडून मल्लिनाथच्या पाठीवर जाऊन पडला. दुसरा सोडला, तोही तिथंच विझला.

काशिनाथ काठावर बसून राहिले. त्यांचे पाय अजून आतच होते. मग त्यांनी ते एकेक करून बाहेर घेतले.

"मग करायचं काय?" त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"माझं लेकरू आत मरायलंय," अव्वा म्हणाल्या, "आन् तुमी कागद जाळत बसलाय?" त्या स्वतःच तोंडाशी सरकल्या. साठीची बाई, गुडघे धरलेली, तिनं लुगडं आवरून पाय आत घातले. काशिनाथनी त्यांना काखेत धरून उचललं तेव्हा त्या त्यांच्या तोंडावर मारत होत्या.

मी शास्त्र शिकवते म्हणजे मला सगळं सुचत असेल असं लोकांना वाटतं. त्या घटकेला मला फक्त एवढंच सुचत होतं की आतली हवा बाहेर काढायची आणि बाहेरची आत घालायची. कशानं, ते कळत नव्हतं. नजर गोठ्यात गेली आणि उफणणीचा पंखा दिसला. खळ्यात वारं पडलं की ज्वारी वारवायला हातानं फिरवतात तो, लोखंडी, चार पात्यांचा, दांड्याचा.

"पंखा आणा," मी म्हणाले.

काशिनाथ बैलासारखे ताकदीचे. दोघांनी न्यावा लागणारा पंखा त्यांनी एकट्यानं उचलून आणला. दोन दगडांवर तो पेवाच्या तोंडाकडं कलता ठेवला. अर्ध्या तोंडावर ताडपत्री ओढून तिचा पंख्याभोवती घोळ केला, म्हणजे वारा बाहेर पळायचा नाही. अर्धं तोंड उघडं ठेवलं, आतलं बाहेर यायला. ते दांड्याला हात घालणार तोच मी त्यांना बाजूला केलं.

"तुम्ही फिरवू नका. तुम्ही बसा."

"बसू?"

"दिवा टिकला की तुम्हाला उतरायचंय. आत्ता दमलात, धाप लागली, तर आत गेल्यावर दुप्पट हवा लागेल. गप बसा. हळू श्वास घ्या."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की पुन्हा कधी तसं बघितलं नाही. पण बसले. कमरेला दोर बांधून घेतला आणि पेवाकडं पाठ करून मातीकडं बघत बसले. भाऊ तीन हातांवर मरत असताना नुसतं बसायचं, हे काम त्या दिवशी सगळ्यांत अवघड होतं आणि ते त्यांनी केलं.

मी दांडा फिरवायला लागले. पहिले पन्नास फेरे जोरात गेले. मग दंडाला कळ लागली. नववीच्या वर्गाला दर वर्षी शिकवते मी: स्नायूला हवा पुरेनाशी झाली की तो बिनहवेचं काम चालू करतो, शक्ती थोडी मिळते, आम्ल साठतं, अंग भरून येतं. फळ्यावर लिहायला दोन ओळी पुरतात. त्या दिवशी त्या दोन ओळी माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत जळत होत्या. तरी मला ठाऊक होतं की हात दुखतोय तोवर हात जिवंत आहे. हात असा थोडा वेळ बिनहवेवर ओढू शकतो. ज्वारीचा दाणा दिवसच्या दिवस ओढतो. माणसाच्या डोक्यातल्या पेशीला ते जमत नाही. तिला हवा हवीच, आणि आत्ता हवी. किती मिनिटं झाली ते मी मनात मोजत होते आणि प्रत्येक मिनिटाला आकडा चुकवायचा प्रयत्न करत होते.

अव्वांच्या ओरडण्यानं चार घरची माणसं गोळा झाली. त्यांत तायाप्पा होता. पेवं भरण्या-फोडण्यात उभी हयात गेलेला म्हातारा, आमच्या घरामागंच राहायचा. गावातलं कुठलंही पेव त्याच्याशिवाय उघडत नसे. शनिवारी तो पेव फोडत नसे, म्हणून तर सोमवार ठरला होता. त्यानं कुणाला काही विचारलं नाही, आणि ‘मी सांगितलं होतं’ असंही म्हणाला नाही. घरात गेला, खुंटीवरचा कंदील काढला, पेटवला, सुतळीला बांधून पेवात सोडला.

विझला.

"फिरवा, बाई. थांबू नगा," तो म्हणाला. त्यानं कुणाला तरी लिंबाचा डहाळा तोडायला लावला, दोराला बांधला आणि ताडपत्रीच्या शेजारून आत सोडून खालीवर हाणायला लागला, विहिरीतून घागर हिसकावी तसा. वास ढवळून वर येत होता.

शेजारचा एक गडी म्हणाला, "आणा बाई इकडं, मी फिरवतो."

मी दांडा दिला नाही. द्यायला हवा होता. त्याचे हात ताजे होते, माझे गेले होते. पण तो दांडा सोडायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी तायाप्पानंच मला खांद्याला धरून उठवलं. तेव्हा कळलं की तळहाताची कातडी दांड्याला चिकटून राहिली होती.

दुसऱ्यांदा कंदील सोडला. पेवाच्या गळ्यापाशी टिकला, खाली गेल्यावर विझला.

"अजून," तायाप्पा म्हणाला.

"मरतोय रं तो," अव्वा जमिनीवर डोकं टेकून म्हणाल्या. त्यांच्यात ओरडायचं त्राण उरलं नव्हतं. "महानंदा, मरतोय गं. जाऊ दे की काशीला. पाया पडते तुझ्या."

माझ्या जागी कुणीही असतं तरी जा म्हणालं असतं. माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं. काशिनाथ माझ्या तोंडाकडं बघत होते. मी जा म्हटलं असतं तर ते त्याच श्वासाला उतरले असते.

"दिवा टिकल्याशिवाय नाही," मी म्हणाले.

अव्वांनी त्यावर मला शिवी दिली. ती मी इथं लिहीत नाही.

तिसऱ्यांदा कंदील ज्वारीला टेकला आणि पिवळा, आजारी, पण पेटता राहिला. तायाप्पानं दहा आकडे मोठ्यानं मोजले. ज्योत थरथरली, पुन्हा उभी राहिली.

"जा," तो म्हणाला. "बोलायचं न्हाई. वाकायचं कमी. दोर हलवत ऱ्हायचं. दोर थांबला की आमी वढणार, तू नगो म्हण, व्हय म्हण."

काशिनाथ उतरले. दोर हलत होता. पंखा चालू होता. मी काठावर पडून बघत होते. त्यांनी मल्लिनाथला उताणा केला, काखेतून दुसरा दोर घातला, गाठ मारायला त्यांची बोटं चुकत होती. एकदा चुकली, दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बसली. त्यांनी हात वर केला आणि सहा माणसांनी ओढलं.

मल्लिनाथ बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते आणि नाकातोंडात ज्वारी होती. भिजून मोड आलेली ज्वारी, पांढऱ्या बारीक शेपट्या फुटलेली. मी ती बोटानं काढली, त्याच्या तोंडावर तोंड ठेवून हवा भरली. शेजारच्या बायका बघत होत्या. कोण काय म्हणालं असेल ते म्हणो. चौथ्या की पाचव्या वेळी त्याच्या घशातून घरघर आली आणि छाती आपली आपण उचलली.

तोवर काशिनाथही बाहेर आले होते, भिंतीला टेकून ओकत होते. मला दोघंही एकाच वेळी दिसत होते, आणि मला रडू येत नव्हतं. माझ्या मनात एकच चाललं होतं की मी आले तेव्हापासून तो बाहेर येईपर्यंत बारा मिनिटं झाली होती.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून मंगळवेढ्याला नेलं, तिथून जीपनं सोलापूरला. दवाखान्यात तीन दिवस त्यानं डोळे उघडले नाहीत. चौथ्या दिवशी उघडले. अव्वांना ओळखलं, काशिनाथला ओळखलं. मला बघून "वैनी" म्हणाला, पण तो शब्द यायला इतका वेळ लागला की मधे नर्स येऊन गेली.

डॉक्टर चांगला माणूस होता, समजावून सांगायचा. "हृदय, यकृत, हातपाय, सगळं ठीक आहे," तो व्हरांड्यात म्हणाला. "बाकीचं शरीर थोडा वेळ तग धरतं. मेंदूच्या पेशी नाही धरत. जिथल्या गेल्या त्या गेल्या. बोलणं सुधारेल. उजव्या हाताचा कंप राहील असं वाटतं. करतो काय हा?"

"मोटारी भरतो," काशिनाथ म्हणाले. "विहिरीच्या. जळालेल्या मोटारीचं तांबं काढून नवीन भरतो. पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात न्हाई."

डॉक्टरनं मान हलवली आणि दुसऱ्या खाटेकडं गेला. केसासारखी बारीक तार एकावर एक बसवायचं काम ते. मल्लिनाथ ते करताना शीळ घालायचा. काशिनाथ बाकावर बसले, मी शेजारी.

"एक कळंना झालंय मला," ते म्हणाले. "दर साली दिवा सोडतो. धाकटा असल्यापास्नं तायाप्पाच्या मागं मागं असायचा, त्योच सोडायचा दिवा. ह्या साली काय झालं त्याला?"

"घाई झाली असेल," मी म्हणाले. "पाणी मुरलं होतं ना."

आता अर्ध्या तासाचं सांगते.

त्याआधी तीन आठवडे शेजारच्या बिराजदारांचं पेव फोडलं होतं. रीतीप्रमाणे तायाप्पानं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, फरशी काढली आणि रात्रभर तोंड उघडं ठेवलं. सकाळी कंदील सोडला तर विझला. "आई अजून निजलीय," तो म्हणाला. "उजेड गिळती ती. उद्या बघू." आणि सगळे मुकाट्यानं घरी गेले. संध्याकाळी जेवताना मल्लिनाथनं विचारलं, "वैनी, खरंच आई असती का ओ पेवात?"

मी हसले. सोलापुरात वाढलेली, बी.एस्सी. पहिल्या वर्गात, त्या गावात विज्ञान शिकलेली एकटीच. त्याला मी ताटातली भाकरी बाजूला सारून सगळं सांगितलं. दाणा मेलेला नसतो, जिवंत असतो. आपल्यासारखाच श्वास घेतो. प्राणवायू घेऊन आपल्यातलं पीठ हळूहळू जाळतो, त्यातून जगण्यापुरती शक्ती काढतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. कोंडलेल्या पेवात प्राणवायू संपतो, म्हणून दिवा विझतो. आई-बिई काही नाही. मल्लिनाथ घास हातात धरून ऐकत होता. त्या घरात माझं बोलणं असं कुणी ऐकलेलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

"मग रातभर उघडं कशापायी ठिवायचं?" त्यानं विचारलं.

"तायाप्पाच्या समाधानाला," मी म्हणाले. "झाकण काढलं की हवा खेळते. अर्ध्या तासात बदलते. दिव्याचीसुद्धा गरज नाही."

हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. जिभेवर आलं आणि बोलून गेले. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी तळाशी बसून राहतो, हे मीच वर्गात मेणबत्ती विझवून दाखवायची. ओला दाणा कोरड्याच्या कितीतरी पट श्वास घेतो, आणि हवा संपली की बिनहवेच्या वाटेनं जातो, दारूचा वास सुटतो, हेही मला पाठ होतं. सगळं माहीत असून मी अर्धा तास म्हणाले, कारण तो ऐकत होता आणि मला हुशार दिसायचं होतं. तायाप्पाला कारण माहीत नव्हतं पण किती थांबायचं ते बरोबर माहीत होतं. मी मल्लिनाथला कारण दिलं आणि त्याचं थांबणं काढून घेतलं.

अव्वा ताटं वाढत होत्या, पण नेमक्या त्या घटकेला आत चुलीपाशी गेल्या होत्या. काशिनाथ बाजाराला गेले होते. ऐकलं ते फक्त मल्लिनाथनं.

आठव्या दिवशी त्याला उशीला टेकवून बसवलं. अव्वांनी दहीभात भरवला. काशिनाथ खिडकीशी उभे होते, मी पायथ्याशी पांघरुणाची घडी करत होते. माझ्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या.

"मल्लू," अव्वा म्हणाल्या, "मी कंदील आणते म्हणलं, तू नगो म्हणलास. अर्धा तास बास झाला म्हणलास. त्ये अर्ध्या तासाचं तुला कुणी सांगितलं रं?"

माझे हात घडीवर थांबले. त्यानं आधी आईकडं बघितलं. मग भावाकडं. मग माझ्याकडं. माझ्याकडं जास्त वेळ बघितलं की मलाच तो वेळ मोठा वाटला, हे मी आज अडतीस वर्षांनीही सांगू शकत नाही. उजवा हात पांघरुणावर थरथरत होता.

"आठवत... न्हाई, अव्वा," तो म्हणाला.

डॉक्टर म्हणाला होता की आधीच्या काही दिवसांचं, काही आठवड्यांचंसुद्धा पुसलं जाऊ शकतं. तेव्हा ते खरं असेल. किंवा त्याला सगळं लख्ख आठवत असेल आणि त्यानं मला पाठीशी घातलं असेल. त्यानंतर आम्ही एका घरात राहिलो, मी त्याला ताट वाढलं, त्याच्या हातून सांडलेलं पुसलं, त्याचं लग्न जमेना ते बघितलं. विचारलं कधी नाही.

"जाऊ दे. कुणी का सांगंना," अव्वा म्हणाल्या. मग त्या सरकत माझ्याकडं आल्या. माझा पट्टी बांधलेला हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला. "तुला शिव्या दिल्या मी त्या दिवशी. ह्या हातांनी वाचिवलंस माझं लेकरू. माझी दोन्ही लेकरं वाचिवलीस गं."

काशिनाथ खिडकीतून बाहेर बघायला लागले. त्यांचे डोळे भरले असावेत. मल्लिनाथ माझ्याकडं बघत होता. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्दही ठरलेले होते, चारच होते. अव्वांच्या डोळ्यांचं पाणी पट्टीतून आत झिरपून जखमेला लागलं आणि झोंबलं.

"भाऊजींना जास्त बोलू देऊ नका, अव्वा," मी म्हणाले. "दमतात ते." आणि हात त्यांच्या हातात तसाच राहू दिला.